वाचक विचारतात: यूआरएलवरून मेथड कशी ठरवावी?

या महिन्याच्या टपालात सोलापूर जिल्ह्यातून आलेले बरेच प्रश्न एकाच गाठीपाशी येऊन थांबतात. ब्राउझरने मागितलेला पत्ता आणि सर्व्हरवरची नेमकी मेथड (क्लासमधलं ते काम करणारं फंक्शन) यांची जोडी कोण लावतं आणि ती कशी बिघडते, ही ती गाठ. म्हणून यावेळचं सदर त्यालाच दिलं आहे. कोडमधली नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच त्या त्या भाषेच्या मूळ स्पेलिंगने करायची.

प्रश्न: चाटी गल्लीतल्या चादर-टॉवेलच्या दुकानांसाठी मी पीएचपीत बिलिंग सॉफ्टवेअर केलं आहे. इंडेक्स फाइलमधलं स्विच (पत्त्यानुसार कोणता कोड चालवायचा याची यादी) वाढत वाढत दीडशे ओळींवर गेलं, म्हणून काढून टाकलं. आता यूआरएलचा पहिला तुकडा म्हणजे क्लास, दुसरा म्हणजे मेथड, उरलेले पॅरामीटर. '/बिल/दाखव/४१७' आलं की बिल क्लासची दाखव मेथड चालते. पाच ओळींत काम झालं. माझा भागीदार म्हणतो, हे उघड्यावर ठेवू नकोस. पण मी 'मेथड_एक्झिस्ट्स' तपासतोच आहे, मग धोका कुठे? — अशोक चौक, सोलापूर

उत्तर: भागीदाराचं ऐका. 'मेथड_एक्झिस्ट्स' फक्त एवढंच सांगतं, की या नावाची मेथड क्लासमध्ये आहे. ती बाहेरच्या माणसासाठी आहे का, हे ते विचारत नाही. प्रायव्हेट मेथडलाही ते 'हो' म्हणतं आणि वरच्या क्लासकडून वारशाने आलेल्यांनाही. तुमच्या बेस कंट्रोलरमध्ये (बाकी सगळे कंट्रोलर, म्हणजे यूआरएलवरून चालणारे क्लास, ज्याचा वारसा घेतात त्यात) मेल पाठवणारी, फाइल लिहिणारी किंवा रिडायरेक्ट करणारी पब्लिक मेथड असेल, तर ती प्रत्येक कंट्रोलरच्या नावाने बाहेरून चालवता येते. वर तिचे पॅरामीटर पाहुणाच ठरवणार. राउटरचा, म्हणजे ही जोडी लावणारा, कोड बेस कंट्रोलरच्या आतच असेल तर प्रोटेक्टेड मेथडसुद्धा चालतात, कारण पीएचपीच्या नजरेत हाक घरातूनच आलेली असते.

'इज_कॉलेबल' वापरलं तर थोडं बरं, कारण ते हाक कुठून येते आहे ते पाहतं. पण क्लासमध्ये किंवा त्याच्या वर कुठेही '__कॉल' ही जादुई मेथड लिहिलेली असली, की ते कुठल्याही नावाला 'हो' म्हणतं. नको असलेल्या नावांची काळी यादी करू म्हणाल, तर पीएचपीत मेथडच्या नावातली इंग्रजी लहान-मोठी अक्षरं एकच धरली जातात. तुम्ही लहान अक्षरांतलं 'डिलीट' अडवलंत आणि कुणी सगळी मोठी अक्षरं पाठवली, तर यादी ओलांडून तीच मेथड चालते.

क्लासचं नाव यूआरएलमधून घेणं त्याहून वाईट. ऑटोलोडर (नाव मिळताच क्लासची फाइल शोधून आणणारा) तुमच्या कंट्रोलरांपुरता थांबत नाही, बाहेरच्या लायब्ररींच्या व्हेंडर फोल्डरमधला कुठलाही क्लास तो आणून देतो. आणि ऑब्जेक्ट तयार झाला की त्याचा कन्स्ट्रक्टर चालून जातो. मेथडची तपासणी त्यानंतर होते, तोवर उशीर झालेला असतो.

हे पुस्तकी भय नाही. २०१८ च्या डिसेंबरात थिंकपीएचपी या फ्रेमवर्कमध्ये नेमकं हेच सापडलं होतं: यूआरएलमधल्या कंट्रोलरच्या नावाची पुरेशी छाननी होत नव्हती, त्यामुळे फ्रेमवर्कच्या आतल्या क्लासची मेथड गाठून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. जावामधल्या स्ट्रट्स २ मध्ये यूआरएलवरूनच मेथड निवडण्याची सोय होती. २०१६ मध्ये ती सोय चालू ठेवलेल्या सर्व्हरवर दुरून कोड चालवण्याचा रस्ता सापडला.

मग दीडशे ओळींचं स्विच परत आणायचं का? नाही. तुम्हाला हवी ती सोय राहू द्या, फक्त जोडीची यादी तुमच्या हातात ठेवा. पीएचपी ८ असेल तर असं करा:

१. 'राउट' नावाचा एक अ‍ॅट्रिब्यूट क्लास लिहा. त्यात पत्ता आणि चालणारी एचटीटीपी मेथड (गेट, पोस्ट वगैरे), एवढंच. बाहेरून चालावी अशा प्रत्येक मेथडच्या डोक्यावर तो लावा.

२. एक छोटी स्क्रिप्ट फक्त कंट्रोलर फोल्डरमधले क्लास रिफ्लेक्शनने (कोडची रचना तपासण्याची पीएचपीची सोय) वाचेल. पब्लिक आहे, स्टॅटिक नाही, याच क्लासमध्ये लिहिलेली आहे, नाव दोन अंडरस्कोअरने सुरू होत नाही आणि अ‍ॅट्रिब्यूट लावलेला आहे, अशाच मेथड उचलेल.

३. त्यातून तयार झालेला अ‍ॅरे एका पीएचपी फाइलमध्ये लिहून ठेवा. लाइव्ह सर्व्हरवर तीच फाइल इन्क्लूड करायची. ऑपकॅश ती मेमरीत धरून ठेवतो, दर रिक्वेस्टला रिफ्लेक्शन चालवावं लागत नाही. नवीन कोड चढवताना ही स्क्रिप्ट चालवायला विसरलात तर नवी पानं ४०४ (पान सापडलं नाही) देतील, एवढं लक्षात असू द्या.

४. रिक्वेस्ट आली की अ‍ॅरेमध्ये शोधायचं. सापडलं नाही तर ४०४. पत्ता सापडला पण एचटीटीपी मेथड जुळली नाही तर ४०५, आणि सोबत 'अलाव' हेडरमध्ये चालणाऱ्या मेथडची नावं. हा हेडर ४०५ बरोबर द्यावाच लागतो, ऐच्छिक नाही.

आता बारीक सारीक गोष्टी. पत्त्याचा तुकडा रेग्युलर एक्स्प्रेशनने तपासत असाल तर शेवटी नुसतं डॉलरचं चिन्ह ठेवू नका. पीएचपीत ते ओळीच्या शेवटी आलेला एक न्यूलाइनही चालवून घेतं, म्हणजे पत्त्याला टक्का-शून्य-ए चिकटवून आलेली रिक्वेस्ट तपासणीतून सुटते. डी मॉडिफायर लावा, किंवा डॉलरऐवजी बॅकस्लॅश आणि लहान झेड.

पॅरामीटरची संख्याही मोजा. कमी पडले तर पीएचपी ७.१ पासून एरर फेकली जाते आणि जिथे ४०४ द्यायचं तिथे ५०० (सर्व्हरची चूक) जातं. जास्त आले तर पीएचपी हूं का चूं करत नाही, '/बिल/दाखव/४१७/काहीही' हे पानही तेच बिल दाखवत राहतं.

आणि 'कॉल_यूजर_फंक_अ‍ॅरे'ला क्वेरी स्ट्रिंगचा अ‍ॅरे जसाच्या तसा कधीही देऊ नका. पीएचपी ८ पासून अ‍ॅरेच्या 'की' (नोंदींची नावं) जर शब्द असतील तर ते पॅरामीटरचं नाव समजलं जातं. समजा तुमच्या मेथडला दुसरा, ऐच्छिक पॅरामीटर 'सवलत' आहे. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन 'सवलत=९०' लिहिलं, की झालं. आधी 'अ‍ॅरे_व्हॅल्यूज' लावून या 'की' काढून टाका, आणि पाहुण्याने ठरवायचं नाही ते पॅरामीटरमध्ये ठेवूच नका.

प्रश्न: कॉलेजच्या वसतिगृहाची वेबसाइट कोडइग्नायटर (पीएचपीचं फ्रेमवर्क) ३ वरून ४ वर नेली. एकही जुना पत्ता चालत नाही, सगळीकडे ४०४. कंट्रोलर तर तेच आहेत. — जुळे सोलापूर

उत्तर: कंट्रोलर तेच असले तरी दार बदललं. आवृत्ती ३ मध्ये कंट्रोलरची प्रत्येक पब्लिक मेथड आपोआप उघडी असायची, फक्त अंडरस्कोअरने सुरू होणारी सोडून. ४.२ पासून हे ऑटो राउटिंग मुळातच बंद असतं. वरच्या प्रश्नाच्या उत्तरात जे सांगितलं, त्याच कारणासाठी.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. राउट फाइलमध्ये एकेक पत्ता लिहा. वसतिगृहाची वेबसाइट म्हणजे तीस-चाळीस ओळी, एका दुपारचं काम. नाहीतर ऑटो राउटिंगचा सुधारलेला प्रकार चालू करा: ऑटोराउट ट्रू, आणि फीचर कॉन्फिगमधला 'ऑटोराउट्सइम्प्रूव्ह्ड'ही ट्रू. यात मेथडच्या नावाआधी एचटीटीपी मेथड लावावी लागते. 'गेटखोल्या' फक्त गेटला, 'पोस्टअर्ज' फक्त पोस्टला उत्तर देते, आणि असा उपसर्ग नसलेली मेथड बाहेरून दिसतच नाही. जुना प्रकारही चालू करता येतो, पण मग आवृत्ती बदलून काय मिळवलं?

काय उघडं आहे ते बघायला टर्मिनलवर 'पीएचपी स्पार्क राउट्स' चालवा. लारावेलमध्ये (पीएचपीचं दुसरं फ्रेमवर्क) हेच काम 'पीएचपी आर्टिसन राउट:लिस्ट' करतं. काम सोपवण्याआधी ही यादी वरपासून खालपर्यंत एकदा डोळ्यांखालून घालावी.

प्रश्न: फ्लास्कमध्ये (पायथनचं फ्रेमवर्क) साठ्याचं पान आहे. त्यावर लॉगिन तपासणारा डेकोरेटर (फंक्शनला बाहेरून गुंडाळणारा कोड) लावला आहे. तरी लॉगआउट करून पत्ता टाकला तर पान सरळ उघडतं. डेकोरेटरमध्ये प्रिंट टाकून पाहिलं, काहीच छापत नाही. — एमआयडीसी, अक्कलकोट रोड

उत्तर: तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये क्रम असा आहे:

@लॉगिन_हवा
@अ‍ॅप.राउट('/साठा')
डेफ साठा():

पायथन डेकोरेटर खालून वर लावतो. म्हणजे आधी 'राउट'च्या हातात नागडं फंक्शन पडलं, त्याने तेच आपल्या नकाशात नोंदवलं. त्यानंतर 'लॉगिन_हवा'ने त्याला गुंडाळून नवं फंक्शन केलं, पण ते नकाशात गेलंच नाही. प्रिंट छापलं जात नाही ते त्यामुळे. ओळी उलट करा, राउट सगळ्यात वर.

उलट केल्यावर दुसऱ्या पानाला डेकोरेटर लावलात की बहुधा नवी एरर येईल: हे एंडपॉइंट (राउटच्या नोंदीचं नाव) आधीच नोंदलेलं आहे, त्यावर दुसरं फंक्शन चढतंय. कारण फ्लास्क फंक्शनचं नाव हेच एंडपॉइंटचं नाव धरतो, आणि तुमच्या डेकोरेटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फंक्शनचं नाव 'रॅपर'च असतं. आतल्या फंक्शनवर 'फंकटूल्स.रॅप्स' लावा, मूळ नाव टिकतं. एरर आली म्हणून घाबरून ओळी पुन्हा जुन्या क्रमाला नेणारे आहेत. तसं करू नका, एरर जाईल पण पान पुन्हा उघडं पडेल.

प्रश्न: नोडवर लिहिलेल्या सर्व्हरवर काही रिक्वेस्ट लटकतात. एरर नाही, लॉग नाही, ब्राउझरचं चाक फिरत राहतं. 'क्रिया' नावाच्या ऑब्जेक्टमध्ये मी फंक्शन ठेवली आहेत, आणि पत्त्यात आलेल्या नावाने त्यातलं उचलून चालवतो. फंक्शन आहे का, हेही तपासतो. — होटगी रोड, सोलापूर

उत्तर: पत्त्यात 'कन्स्ट्रक्टर' हा शब्द, अर्थात इंग्रजी स्पेलिंगने, टाकून बघा. चाक फिरायला लागेल.

जावास्क्रिप्टमधला साधा ऑब्जेक्ट रिकामा दिसला तरी रिकामा नसतो. 'कन्स्ट्रक्टर', 'टूस्ट्रिंग', 'व्हॅल्यूऑफ' अशी नावं त्याला प्रोटोटाइपकडून मिळालेली असतात. 'क्रिया' मध्ये 'कन्स्ट्रक्टर' शोधलं की जावास्क्रिप्टचं स्वतःचं 'ऑब्जेक्ट' हे फंक्शन हाती येतं. ते फंक्शनच आहे, त्यामुळे तुमची तपासणी पास. मग त्याला रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स दिले जातात. ते रिक्वेस्ट जशीच्या तशी परत करतं आणि मोकळं होतं. रिस्पॉन्स कुणी पाठवलाच नाही, म्हणून टाइमआउट होईपर्यंत कनेक्शन तसंच उघडं. एरर नाही, कारण जावास्क्रिप्टच्या दृष्टीने काही चुकलेलं नाही. असे पत्ते सहसा सुरक्षेतली भोकं शोधणारे बॉट टाकतात.

ऑब्जेक्टऐवजी 'मॅप' वापरा आणि 'गेट'ने काढा. त्यात तुम्ही घातलेलंच सापडतं. ऑब्जेक्टच ठेवायचा असेल तर 'ऑब्जेक्ट.क्रिएट'ला नल देऊन तयार करा, किंवा उचलण्याआधी 'ऑब्जेक्ट.हॅजओन' विचारा.

पायथनमध्ये 'गेटअ‍ॅट्र'ने मेथड उचलणाऱ्यांनाही हेच लागू आहे. जँगो हे पायथनचं फ्रेमवर्क स्वतः क्लासवर आधारित व्ह्यूमध्ये 'गेटअ‍ॅट्र'च वापरतो, पण त्याआधी एचटीटीपी मेथडचं नाव एका ठरलेल्या यादीत आहे का ते बघतो: गेट, पोस्ट, पुट, पॅच, डिलीट, हेड, ऑप्शन्स, ट्रेस. आठ नावं, बाहेरचं काही नाही. 'गेटअ‍ॅट्र' वापरायचंच असेल तर असं वापरावं.

प्रश्न: एक्स्प्रेसमध्ये (नोडवरचं फ्रेमवर्क) '/वर्ग/नवीन' उघडलं की "नवीन नावाचा आयडी सापडला नाही" येतं. — बार्शी

उत्तर: '/वर्ग/:आयडी' ची ओळ वर आहे, '/वर्ग/नवीन' खाली. एक्स्प्रेस आणि जँगो वरून खाली वाचतात आणि पहिलं जुळेल ते घेतात. ओळ वर न्या. आयडी म्हणजे आकडेच, हे पॅटर्नमध्येच लिहिलंत तर आणखी चांगलं. फ्लास्कला आणि गो १.२२ पासूनच्या राउटरला हा प्रश्न पडत नाही, ते जास्त नेमका पत्ता आधी धरतात. आणि दोन पत्ते खरोखर एकमेकांवर चढत असतील तर गो सर्व्हर सुरू होतानाच पॅनिक करतो.

प्रश्न: गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलांची नोंदणी मोबाइल अ‍ॅपवरून घेतो. जँगो सर्व्हर. माझ्या लॅपटॉपवर एरर येऊन थांबतं, ऑनलाइन सर्व्हरवर एरर नाही पण नोंद रिकामी. जणू फॉर्म भरलाच नाही. — बाळे, सोलापूर

उत्तर: अ‍ॅपमधल्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ नाही, आणि जँगोच्या पत्त्यात आहे. 'अपेंड_स्लॅश' ही सेटिंग चालू असल्याने जँगो "रेघेसह या" असं सांगून ३०१ पाठवतो. ३०१ आलं की बहुतेक ब्राउझर आणि एचटीटीपी लायब्ररी पोस्टचं गेट करून पुन्हा जातात, फॉर्मचा मजकूर वाटेतच गळतो. लॅपटॉपवर डीबग चालू असतं, तेव्हा जँगो हे ओळखून एरर फेकतो आणि कारणही सांगतो. ती एरर पूर्ण वाचली असती तर यात्रेच्या तोंडावर धावपळ झाली नसती.

अ‍ॅपमधला पत्ता रेघेसह करा. जुनी अ‍ॅप लोकांच्या फोनवर आहेत, ती लगेच बदलणार नाहीत, म्हणून सर्व्हरवर तोच व्ह्यू रेघेशिवायच्या पत्त्यालाही काही महिने जोडून ठेवा. रिडायरेक्ट करणं भागच असेल तर ३०८ द्या. त्यात मेथड आणि मजकूर दोन्ही जसेच्या तसे राहतात. फ्लास्क आता या कामी ३०८च देतो.

हीच गळती आणखी एका ठिकाणी होते: अ‍ॅपमध्ये पत्ता एचटीटीपीचा लिहिलेला, आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर तो ३०१ ने एचटीटीपीएसवर ढकलतोय. तेही बघून घ्या.

प्रश्न: साठ्याच्या यादीत प्रत्येक ओळीसमोर 'काढून टाका' अशी लिंक आहे. कुणी हात न लावता नोंदी उडतात. — विजापूर रोड, सोलापूर

उत्तर: हात लावलेला आहे, माणसाने नाही एवढंच. लिंक म्हणजे गेट, आणि गेट हे नुसतं बघण्यासाठी आहे असं गृहीत धरून लिंकच्या मागे जाणारे बरेच असतात: सर्च इंजिनचे बॉट, पान आधीच आणून ठेवणारी ब्राउझर एक्स्टेन्शन, मेलमधल्या लिंक तपासणारी अँटिव्हायरस. एखाद्याने लॉगिन केलेलं असताना दुसऱ्या साइटवरून तुमच्या लिंकवर आणलं, तरी नोंद जाते. कुकीवर 'सेमसाइट' (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची का, ते ठरवणारी सेटिंग) लॅक्स असली तरी थेट लिंकवरून येणाऱ्या गेटसोबत ती जातेच.

लिंक काढा, छोटा फॉर्म आणि बटण ठेवा, पोस्ट करा, सीएसआरएफ टोकन (फॉर्म तुमच्याच पानावरून आल्याची खूण) लावा. राउटरच्या यादीत त्या पत्त्याला फक्त पोस्ट लिहा म्हणजे जुन्या लिंकला ४०५ मिळेल. एचटीएमएल फॉर्म गेट आणि पोस्टच पाठवतो. डिलीट हवं असेल तर लपवलेल्या '_मेथड' फील्डमधून सांगण्याची रीत लारावेल आणि रेल्समध्ये आहे. स्वतः लिहीत असाल तर ते फील्ड फक्त पोस्ट रिक्वेस्टमध्येच वाचा. गेटच्या क्वेरी स्ट्रिंगमध्ये वाचलंत तर लिंकने डिलीट करण्याची सोय पुन्हा दिलीत.

एक उलटी चूकही सांगून ठेवतो. सगळं आवळताना लोक हेड विसरतात. साइट चालू आहे का ते बघणारी टूल्स बऱ्याचदा हेड रिक्वेस्ट पाठवतात, त्यांना ४०५ मिळालं की "साइट बंद" असा मेसेज रात्री दोनला येतो. जिथे गेट चालतं तिथे हेडही चालू द्या.

प्रश्न: जिल्ह्याच्या पर्यटनाची साइट मराठीत आहे, पत्तेही मराठीत हवेत: '/तालुका/मंगळवेढा' असे. जँगोत स्लग (पत्त्यात घालायचं नाव) तयार केला तर भलतंच नाव येतं, आणि काही पानं काहींच्या फोनवरून ४०४ देतात. — पंढरपूर

उत्तर: या प्रश्नाचं उत्तर इंग्रजी कागदपत्रांत नीट सापडत नाही, म्हणून सविस्तर देतो.

जँगोच्या 'स्लगिफाय'ला 'अलाव_यूनिकोड' दिलं तरी ते आपल्या लिपीचा घात करतं. ते अक्षर, आकडा आणि अंडरस्कोअर ओळखायला पायथनचं बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरतं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांना यूनिकोडमध्ये 'अक्षर' म्हटलेलं नाही, 'चिन्ह' म्हटलं आहे, आणि बॅकस्लॅश-डब्ल्यू चिन्हांना जागा देत नाही. परिणाम: 'मंगळवेढा'चं 'मगळवढ', 'सोलापूर'चं 'सलपर', 'अक्कलकोट'चं 'अककलकट'. दिसायला विनोदी, पण खरा त्रास पुढे. 'माळ', 'मळा' आणि 'मेळा' या तिन्हींचा स्लग 'मळ' होतो, आणि तीन पानं एका पत्त्यावर भांडतात. जँगोचा 'स्लग' कन्व्हर्टर (पत्त्याचा तुकडा तपासणारा साचा) तर फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोअर घेतो. मराठी पत्ता तिथे जुळणारच नाही. 'एसटीआर' कन्व्हर्टर वापरा, किंवा स्वतःचा लिहा.

स्लग बनवायला स्वतःचं दहा ओळींचं फंक्शन पुरतं. यूनिकोड वर्ग 'एल', 'एम' आणि 'एन' यांतलं ठेवा, मोकळ्या जागेचा हायफन करा ('उत्तर-सोलापूर'), बाकी काढा. 'एम' म्हणजेच चिन्हं; पीएचपी किंवा जावास्क्रिप्टमध्ये पॅटर्न लिहिताना लोक 'एल' लिहितात आणि 'एम' विसरतात, तिथेही मात्रा उडतात. दोन्हीकडे यू हा फ्लॅग लागतो.

काही फोनवरून ४०४ येण्याचं कारण बहुधा 'ऱ्य' असावं. 'व्यापाऱ्यांसाठी' हा शब्द दिसायला एकच, पण आत तीन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर टाकतात. काही 'र' आणि खाली नुक्ता. आणि काही 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. डेटाबेसमध्ये एक, पत्त्यात दुसरा, आणि तुलना बाइट-बाइटची, जुळणार कसं? एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं की नुक्त्याचा प्रकार 'ऱ' मध्ये बदलतो, पण जोडक तसाच राहतो. म्हणून 'र, हलन्त, जोडक' दिसलं की 'ऱ, हलन्त' करा, ही ओळ हातानेच लिहावी लागते. साठवताना आणि पत्ता शोधताना, दोन्ही वेळा तेच फंक्शन चालवा.

लांबीचाही विचार करा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची टक्क्यासकट ३ अक्षरं होतात. 'सोलापूर' मध्ये ७ चिन्हं, म्हणजे ६३ अक्षरं. डेटाबेसमध्ये ही टक्क्यांची माळ साठवू नका, सरळ मराठी शब्द साठवा. फ्रेमवर्क पत्ता एकदा उलगडून देतो, तुम्ही पुन्हा उलगडू नका. दुहेरी उलगडण्यातून नसलेल्या तिरक्या रेघा तयार होतात आणि पत्त्याचे तुकडे चुकीच्या जागी पडतात.

आमचं मत विचाराल तर '/तालुका/७/मंगळवेढा' ठेवा. सर्व्हर पान शोधतो ते ७ वरून, नाव वाचणाऱ्यासाठी. नाव चुकलं, बदललं, जोडकासह आलं, तरी पान सापडतं, आणि योग्य पत्त्यावर ३०१ ने पाठवता येतं. तो आकडा मात्र इंग्रजीच घ्या. पायथनचं 'इंट' देवनागरी '७' आनंदाने स्वीकारतं, म्हणजे स्वतःचा पॅटर्न बॅकस्लॅश-डीने लिहिलात तर एकाच पानाचे दोन पत्ते होतात. जँगोचा 'इंट' कन्व्हर्टर शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडेच घेतो, तो बरा.

प्रश्न: लॅपटॉपवर सगळं चालतं. होस्टिंगवर चढवलं की फक्त मुखपृष्ठ उघडतं, बाकी ४०४. — मोहोळ

उत्तर: आधी ४०४ कोण देतंय ते बघा. तुमच्या अ‍ॅपचं सजवलेलं पान येत असेल तर राउटरमध्ये शोधा. अपाचे किंवा एनजिनएक्सचं कोरं पान येत असेल तर रिक्वेस्ट तुमच्या कोडपर्यंत पोचतच नाही.

अपाचे असेल तर 'मॉड_रीराइट' (पत्ते वळवणारं मॉड्यूल) चालू हवं, आणि त्या फोल्डरला 'अलावओव्हरराइड ऑल' हवं; २.४ मध्ये हे मुळात 'नन' असतं, त्यामुळे 'एचटीअ‍ॅक्सेस' फाइल तिथे असूनही वाचली जात नाही. एनजिनएक्स ती फाइल कधीच वाचत नाही. तिथे 'ट्राय_फाइल्स'मध्ये आधी फाइल, मग फोल्डर, शेवटी इंडेक्स डॉट पीएचपी असा क्रम लिहावा लागतो. बदल केल्यावर 'एनजिनएक्स -टी' चालवून कॉन्फिग तपासा, मग रीलोड करा.